सहा फुटांच्या कॅनव्हासवर वीस वर्षांच्या आनंदीबाई

कल्याणच्या एका शाळेतल्या कलाशिक्षिका विचारतात: शाळेच्या सभागृहासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांचं सहा बाय चार फुटांचं तैलचित्र करायचं आहे. अनावरण ३१ मार्चला, त्यांच्या जन्मदिवशी. हातात साडेतीन महिने आहेत आणि इंटरनेटवरून उतरवलेला एक फोटो. प्रोजेक्टर लावून चेहरा कॅनव्हासवर उतरवला, एकदा रंगवूनही पाहिला. "हुबेहूब आहे, पण जिवंत वाटत नाही, आणि बाई पन्नाशीच्या दिसतात. काय चुकतंय?"

ताई, तुमचा हात चुकलेला नाही, सुरुवात चुकली आहे. आणि बाई पन्नाशीच्या दिसतात हे तुमच्या लक्षात आलं, याचा मला फार आनंद झाला. बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही. मी अडतीस वर्षं व्यक्तिचित्रं करतोय, त्यातली बरीचशी शाळा, वाचनालयं आणि दवाखान्यांच्या भिंतींसाठी. बारा वर्षांपूर्वी आनंदीबाईंचंही एवढ्याच मापाचं चित्र केलं. त्यामुळे तुम्ही आत्ता जिथे अडल्या आहात ती जागा माझ्या चांगली ओळखीची आहे.

आधी वयाचंच घेऊ, कारण या चित्रात सगळं तिथेच आहे. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा अठरा वर्षं पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या, तेव्हा एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस बाकी होते. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण झाली नव्हती. म्हणजे त्यांचा जो कुठला फोटो तुमच्या हाती येईल, तो बाविशीच्या आतल्या मुलीचा असणार. तुमच्या शाळेतून पाच-सहा वर्षांपूर्वी दहावी झालेल्या मुली आठवा, त्या आज याच वयाच्या आहेत. कॅनव्हाससमोर उभं राहताना हे मनात पक्कं असलं की अर्धी कामं आपोआप मार्गी लागतात.

मग मोठं चित्र करताना वय वाढतं कशामुळे? एक कारण मापाचं आहे. त्या काळच्या स्टुडिओतल्या फोटोत चेहरा इंचभर असतो, तुमच्या कॅनव्हासवर तो आठ इंच होणार. फोटोत नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी सावली अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर तुमच्याकडे ती चार मिलिमीटरचा पट्टा होते. फोटोत त्या सावलीची कड कागदाच्या रवाळपणात विरघळलेली असते. प्रोजेक्टरवरून गिरवताना आपण तिला रेघ करून टाकतो, आणि गालावर रेघ आली की माणूस म्हातारं झालंच. डोळ्यांखाली तेच, हनुवटीच्या खळग्यात तेच.

दुसरं कारण फोटोच्या काचेतलं आहे आणि चित्रकारांना ते क्वचितच कुणी सांगतं. १८८० च्या दशकात फोटो टिपायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या, रसायन लावलेल्या काचा निळ्या प्रकाशालाच मुख्यतः दाद द्यायच्या. तांबडा, नारिंगी, पिवळा हे रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसत. त्यामुळे निळी वस्तू फोटोत फिकी उतरते, लाल वस्तू काळी पडते, आणि पिवळा रंग आपल्या डोळ्यांना जेवढा उजळ दिसतो त्याहून बराच गडद येतो. आपल्याकडची कातडी उबदार रंगाची, म्हणून तीही फोटोत काळवंडते. त्वचेवरचा बारीकसा लालसरपणा, डोळ्यांभोवतीची तांबूस छटा, सगळं काळ्या डागांसारखं उमटतं. तेव्हा फोटोत गडद दिसलं म्हणून तिथे गडद रंग लावायचा, हा हिशेब इथे चालत नाही. कपाळावरचं कुंकू फोटोत काळं दिसतं ते याचमुळे. साडी फोटोत काळी दिसत असेल, तर ती प्रत्यक्षात लालभडकही असू शकते. फिकी दिसत असेल तर आकाशी असू शकते.

तिसरं कारण आपल्या मनातलं. थोर व्यक्ती म्हटली की आपला हात आपोआप हनुवटी वर उचलतो, ओठ आवळतो, नजर दूर कुठेतरी लावतो. पुतळ्यांची सवय आहे आपल्याला. वीस वर्षांच्या मुलीला ही मुद्रा दिली की ती लगेच मुख्याध्यापिका दिसायला लागते.

म्हणून माझं पहिलं सांगणं: रंगवलेला चेहरा पुसून टाका, किंवा तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवा, आणि प्रोजेक्टर बंद करा.

दुसरं, चांगला फोटो मिळवा. फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजचे जुने दस्तऐवज आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या लेगसी सेंटर या संग्रहात आहेत. तिथे लिहून मोठ्या रिझोल्यूशनचं स्कॅन मागा आणि वापराची परवानगीही त्याच पत्रात घ्या. दोन फोटो तुमच्या कामाचे आहेत. एक, खाली सही असलेला एकटीचा. दुसरा, १० ऑक्टोबर १८८५ चा, ज्यात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासोबत आनंदीबाई बसल्या आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. हा दुसरा फोटो मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात अंगाचा बांधा कळतो, बसण्याची ढब कळते, डोकं खांद्यांच्या मानाने केवढं आहे ते कळतं. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवरून पूर्णाकृती करायला गेलं की डोकं हमखास मोठं होतं.

इंटरनेटवर जे रंगीत किंवा 'स्पष्ट केलेले' फोटो फिरतात, त्यांना हात लावू नका. एआयने स्पष्ट केलेल्या चेहऱ्यातल्या पापण्या, ओठांची कोर, त्वचेचा पोत हे सगळं इतर लाखो चेहऱ्यांच्या सरासरीतून आलेलं असतं. मूळ फोटोत जी माहिती नव्हती ती यंत्राने मनाने भरलेली असते, आणि ती इतकी गुळगुळीत असते की आपला विश्वास बसतो. त्यात पडद्यावर आनंदीबाई साकारलेल्या नट्यांचे फोटोही बेमालूम मिसळलेले आहेत. एका शाळेच्या भिंतीवर मी नटीचाच चेहरा फ्रेम करून लावलेला पाहिला आहे, खाली आनंदीबाईंचं नाव. फार वाईट वाटलं.

आता मुख्य गोष्ट. एक जिवंत मुलगी समोर बसवा. विशी-एकविशीची, साधारण त्याच बांध्याची. चेहरा जुळला पाहिजे असं मुळीच नाही. फोटोतून प्रमाणं घ्यायची आणि मुलीकडून मांस, हाडं आणि उजेड घ्यायचा. सावळाराम हळदणकरांचं निरांजन हाती घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र तुम्हाला माहीत असेलच, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांनी आपल्या मुलीला, गीताला, प्रत्यक्ष उभं केलं होतं. ज्योत झाकणाऱ्या बोटांच्या कडांतून जो तांबूस उजेड झिरपतो, तो कुणाला बसल्या जागी सुचणारा नाही. तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

माझ्या चित्राच्या वेळी शेजारच्या इमारतीतली एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बसायला तयार झाली. अट एकच, परीक्षा जवळ आली आहे, मी वाचत बसेन. पहिल्या दोन बैठकी मी तिला सारखा 'मान वर, मान वर' सांगत होतो. तिसऱ्या बैठकीला मी काहीतरी विचारलं, तिने पुस्तक मिटलं, पण पान हरवू नये म्हणून तर्जनी आतच ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बोट पुस्तकात अडकलेलं, मनगट जरा वाकलेलं, अंगठा वेष्टनावर दाबलेला, आणि नजरेत 'लवकर विचारा, मला परत वाचायचंय' असा भाव. मी कोळसा उचलला आणि दहा मिनिटांत अख्खी मुद्रा काढून घेतली. जिने प्राचीन हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, त्या विद्यार्थिनीचा हात असाच असणार, असं मला त्या क्षणी वाटलं आणि आजही वाटतं. पुढे चित्र बघायला येणाऱ्या मुली आधी त्या बोटाकडे बघायच्या.

उजेडाचं बघा. फोटोत नाकाची सावली कुठल्या बाजूला पडली आहे त्यावरून उजेडाची दिशा ओळखा. त्या काळचे स्टुडिओ काचेच्या छपराखाली असत, उजेड वरून आणि एका बाजूने यायचा. तुमच्या वर्गात उत्तरेकडची खिडकी शोधा, खालचा अर्धा भाग जाड कागदाने झाका, वरच्या भागाला पांढरं मलमल लावा. ट्यूबलाइट बंद. मुलीला खिडकीपासून चार-पाच फुटांवर बसवा. मग आधी कॅनव्हासकडे बघूसुद्धा नका. पंधरा-वीस कागदांवर कोळशाने नुसतं डोकं काढा, प्रत्येकी वीस मिनिटं. कपाळाचं हाड कुठे वळतं, गालफडाचं हाड कानाकडे कसं जातं, पापणीला जाडी किती असते, हे हाताला कळू द्या. प्रोजेक्टर हे काहीच शिकवत नाही, तो फक्त बाहेरची रेघ देतो.

यानंतर आनंदीबाईंचा फोटो बाहेर काढा आणि उलटा करून टांगा. शेजारी तुमचं रेखाटनही उलटं. आता प्रमाणं मोजा: दोन डोळ्यांमधलं अंतर आणि डोळ्याची रुंदी, भुवई ते पापणी, नाकाचा शेंडा ते वरचा ओठ, कपाळाची रुंदी आणि जबड्याची रुंदी. साम्य या चार-पाच अंतरांत असतं. नाकपुडी कितीही नजाकतीने रंगवा, नाक आणि ओठ यांमधलं अंतर चुकलं की बाई दुसरीच होते. कॅनव्हासवर उतरवताना जुन्या पद्धतीने चौकटी टाका आणि मधोमध ओळंबा सोडा. वेळ लागतो, पण प्रत्येक चौकटीत तुम्हाला विचार करावा लागतो, आणि तोच विचार पुढे रंगात दिसतो.

यात एक धोका आहे. सातव्या-आठव्या बैठकीपर्यंत समोरची मुलगी चित्रात शिरायला लागते. माझ्याकडे तिची आई एकदा तिला न्यायला आली, कॅनव्हास बघितला आणि म्हणाली, "अय्या, ही तर आमचीच झाली!" ती कौतुकाने म्हणाली, पण माझ्या पोटात गोळा आला. त्यानंतर मी त्या मुलीला बोलावलं नाही. चेहरा दोन ठिकाणी खरवडला आणि शेवटचे दहा दिवस फक्त फोटो समोर ठेवून काम केलं. तुम्हीही शेवटचे काही दिवस असे राखून ठेवा.

डोळ्यांवर जरा थांबतो, कारण 'जिवंत वाटत नाही' ही तक्रार बहुधा तिथली असते. डोळ्याचं पांढरं पांढऱ्या रंगाने रंगवू नका. वरच्या पापणीची सावली त्या गोलावर पडते, त्यामुळे वरचा भाग राखाडी-तपकिरी होतो आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात थोडी लाली येते. बुबुळाला गोल कड देऊ नका, वरची कड पापणीच्या सावलीत बुडवा आणि खालची मऊ ठेवा. चमक प्रत्येक डोळ्यात एकच, खिडकीच्या बाजूला. तीही शुद्ध पांढरी नको, किंचित निळसर. उजेड जिथून शिरतो त्याच्या समोरच्या बाजूला बुबुळ आतून थोडं उजळतं, तिथे बर्न्ट सिएनाचा एक हलका स्पर्श द्या. डोळा ओला वाटायला लागतो. आणि खालच्या पापणीला वरच्या बाजूने जी बारीक सपाट जाडी असते, ती उजेड झेलते. ती दाखवली नाही तर डोळा कागदाला पाडलेल्या भोकासारखा दिसतो.

त्वचेसाठी यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडं अलिझरीन क्रिमझन आणि उजेड-सावलीच्या मधल्या भागात अगदी चिमूटभर व्हिरिडियन. पांढरा जपून वापरा, सावळी त्वचा पांढऱ्याने राखेसारखी होते. कपाळावर खिडकीचा थंड उजेड येऊ द्या. हनुवटीच्या खाली साडीच्या रंगाचं प्रतिबिंब पडतं, ते सोडू नका. आणि 'जरा उजळ करा' असं कुणीतरी नक्की म्हणणार आहे. मला आजवर बाईचं चित्र करताना असं म्हणणारं कुणी भेटलं नाही, असं झालेलं नाही. तिथे ठाम राहा. जिने समुद्र ओलांडून जाताना जातीची, धर्माची, घराची पर्वा करणाऱ्यांना भर सभेत उत्तर दिलं, तिचा रंग बदलून तिला भिंतीवर लावायचं हे मला पटत नाही.

कपड्यांचा निर्णय चित्राचा प्रसंग ठरवल्याशिवाय होत नाही. कल्याणहून, म्हणजे माहेरच्या वळणाने बघितलं तर नऊवारी. पण अमेरिकेच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्या तिथे गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. तुम्ही वीस वर्षांच्या, डॉक्टर होत आलेल्या आनंदीबाई काढताय. मग फोटोत जशी साडी आहे तशीच ठेवा. नेसवायला घरातल्या एखाद्या आजींना बोलवा. आमच्याकडे त्या मुलीची आजी आली होती. तिने माझी सेफ्टी पिन काढून टाकली, पदर दोन वेळा झटकला आणि म्हणाली, "पिनेने पदर मरतो." खरंच मरतो. पिन लावलेल्या पदराच्या घड्या एका बिंदूतून पंख्यासारख्या निघतात, आणि त्या काळच्या फोटोत तशा घड्या दिसत नाहीत. साडी कृत्रिम धाग्याची नको, तिची चूण वेगळी पडते. सुती कापड कोनात मोडतं, रेशीम गोलाईने वळतं. जुनी सुती किंवा शुद्ध रेशमी साडी मिळवा, मऊ झालेली.

रंग कुठला, हे फोटो सांगणार नाही. तुम्हाला ठरवावं लागेल. नीळ, मंजिष्ठा, कुसुंबी हे आपले जुने रंग होतेच, आणि १८८० पर्यंत कृत्रिम रंगही आले होते, त्यामुळे निवडीला वाव आहे. फक्त आजच्या दुकानातला चमकणारा राणी रंग नको. मी मूळ फोटोतला गडदपणा धरून डाळिंबी घेतला. जर तुमच्या फोटोत काठ अंगापेक्षा गडद असेल, तर काठ तांबडा किंवा जरीचा आणि अंग निळसर, असाही अर्थ निघू शकतो. जरतार फोटोत गडदच येते, फक्त जिथे उजेड थेट चमकतो तिथे पांढरे ठिपके पडतात. ती चित्रात सोनेरी रंगाने भरू नका. यलो ऑकर आणि रॉ अंबरने करा आणि चमकेचे मोजके ठिपके शेवटी द्या.

कुंकवाबद्दल मला विशेष सांगायचं आहे, कारण मोठ्या चित्रात ते बरोबर मध्यावर येतं आणि बहुतेक जण तिथे लाल ठिपका ठेवून मोकळे होतात. आज आपण टिकली लावतो, ती सपाट असते. तेव्हा आधी कपाळावर मेण लावायचं, त्यावर कुंकू. त्यामुळे कुंकवाला उंची असायची. वरच्या कडेला उजेड थांबतो, खालच्या कडेला केसाएवढी सावली पडते, आणि दिवसभरात दोन-चार कण भुवयांच्या मध्ये सांडतात. कॅडमियम रेडमध्ये थोडं बर्न्ट सिएना घालून जाडसर लावा, पॅलेट नाइफच्या टोकाने. आजीने डबीतलं मेण लावून दाखवलं तेव्हा मी भिंग घेऊन बघितलं होतं. सहा फुटांच्या चित्रात सगळ्यात लहान जागा तीच होती आणि तिने माझी एक अख्खी सकाळ घेतली.

दागिने फोटोत आहेत तेवढेच. समितीतले कुणी म्हणतील, डॉक्टर आहेत तर पांढरा कोट घाला, गळ्यात स्टेथोस्कोप द्या. १८८६ मध्ये डॉक्टरांचा पांढरा कोट रूढ झालेला नव्हता, डॉक्टर गडद रंगाच्या कपड्यांत काम करायचे. आणि आजच्यासारखा स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला की चित्रातलं शतकच बदलतं. हातात पुस्तक किंवा प्रबंधाचे कागद पुरेत. मागे बोट, कॉलेज, कोल्हापूरचं रुग्णालय असं काही काढू नका. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती हे खरं, पण आजारपणाने तिथे काम करणं त्यांच्या नशिबी नव्हतं. ते चित्राखालच्या पाटीवर लिहा. पार्श्वभूमी नुसती गडद, उबदार, चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला थोडी उजळ.

क्षयाने त्या गेल्या, म्हणून चेहऱ्यावर आजार दाखवावा का? मी खूप विचार केला होता. ओढलेले गाल काढले तर बघणाऱ्याला कीव येते, आणि मला कीव नको होती. मी फक्त डोळ्यांखाली किंचित जांभळट छटा ठेवली, रात्री जागून वाचणाऱ्या कुणाही मुलीच्या असते तेवढी.

जिचा फोटोच नाही अशी कुणी उद्या तुमच्याकडे आली, म्हणजे ताराबाई किंवा अहिल्याबाई, तर चेहऱ्याची जबाबदारी पूर्ण तुमची. पण वय तेव्हाही हातात असतं. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी राज्याचा कारभार हाती घेतला, तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. घोड्यावरची प्रौढ बाई काढण्याआधी हे आठवावं.

माप आणि भिंत. बसलेल्या बाईची खऱ्या मापाची आकृती जमिनीपासून डोक्यापर्यंत सुमारे चार फूट भरते. सहा फुटांत वर-खाली मिळून दोन फूट उरतात, तेवढी मोकळी जागा चांगली. डोकं खऱ्यापेक्षा मोठं करायचा मोह होईल, सव्वापटीच्या पुढे अजिबात जाऊ नका. चित्र किती उंचीवर लागणार ते आजच विचारून घ्या. माझं एक जुनं चित्र व्यासपीठाच्या मागे नऊ फुटांवर लावलं गेलं. मी ते समोरासमोर बसून रंगवलं होतं, त्यामुळे खालून बघताना खुर्ची पुढे कलंडल्यासारखी दिसायची आणि मांडीवरचे हात घसरत असल्यासारखे. तेव्हापासून चित्र उंचावर जाणार असेल तर मॉडेलला पाटावर चढवलेल्या खुर्चीत बसवतो आणि स्वतः बुटक्या स्टुलावर बसून काढतो. लावताना वरची कड भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे झुकवा, म्हणजे ट्यूबलाइटची चकाकी चेहऱ्यावर येत नाही.

सुताराला सांगा की एवढ्या चौकटीला मधे आडवी पट्टी हवी आणि पट्ट्यांची आतली कड तासलेली हवी, नाहीतर वर्षभरात कॅनव्हासवर पट्टीची रेघ उमटते. कोपऱ्यांना पाचरी ठेवा. कल्याणच्या पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, तेव्हा त्या हलक्या ठोकता येतात. आणि सभागृहाचं दार मोजा, जिन्याचं वळणही मोजा.

वेळेचं गणित असं: पहिले तीन आठवडे फक्त कागदावर. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रॉ अंबरमध्ये एकरंगी मांडणी, ती पूर्ण वाळू द्या. नंतर रंग, प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि तडे जातात. १० मार्चला ब्रश खाली. अनावरणासाठी रिटचिंग व्हार्निशचा पातळ हात पुरे, पक्कं व्हार्निश दिवाळीनंतर, तेही मॅट. टर्पेंटाइन बंद वर्गात वापरू नका, मुलं असतात, खिडक्या उघड्या ठेवा. समितीला दोनदाच दाखवा, एकदा कोळशाचं रेखाटन झाल्यावर आणि एकदा चेहरा रंगात बसल्यावर. मधे कुणी डोकावलं तर कॅनव्हासवर चादर टाका.

शेवटी चित्राच्या मागे, मधल्या आडव्या पट्टीवर, सही आणि तारखेबरोबर हे लिहून ठेवा: चेहरा कुठल्या फोटोवरून, हात आणि बसण्याची ढब मॉडेलवरून, साडीचा रंग चित्रकाराच्या कल्पनेतला. पन्नास वर्षांनी कुणी या चित्रावरून नवं चित्र करायला बसलं, तर त्याला खरं काय आणि आपण घातलेलं काय हे वेगळं काढता यायला हवं.

कोळशाची पहिली पाच-सहा डोकी झाली की फोटो काढून पाठवा. उलटी करूनही एकदा पाठवा, मी नाक आणि ओठांमधलं अंतर बघून कळवतो.